गिअर कुणाच्या हातात?

जुन्या मोटारींवर जीव टाकणाऱ्या माणसांमध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडात एक वाद वर्षानुवर्षं चालत आला आहे. एखाद्यानं पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार विकत घेतलेली असते. रंग झकास, इंजिन ठणठणीत, सीटचं चामडंही जपलेलं. पण गाडी ऑटोमॅटिक. तिला क्लच नाही, हातानं गिअर टाकायची सोय नाही. मग हा गृहस्थ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली उतरवतो आणि त्या जागी मॅन्युअल बसवतो. एक पक्ष म्हणतो, वा, आता कुठं ही खरी स्पोर्ट्स कार झाली! दुसरा पक्ष म्हणतो, अरेरे, चांगल्या गाडीचा इतिहास पुसून टाकला. या वादामागची गोष्ट आज मला सांगायची आहे. मी इंजिनिअर नाही. कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस आहे. पण ही गोष्ट माणसाचा हात आणि यंत्र यांच्यातल्या नात्याची आहे, आणि त्या नात्यात आपण सगळेच आहोत.

आधी गिअर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मोटारीचं इंजिन ठरावीक वेगानं फिरत असेल तेव्हाच जोर देतं. चढावर चाकं सावकाश पण जोरात फिरायला हवीत, सपाट रस्त्यावर भरभर. इंजिन आणि चाकं यांच्यात हा समझोता करून देतो तो गिअरबॉक्स. आणि गिअर बदलताना इंजिनाची चाकांशी असलेली जोड क्षणभर सोडवावी लागते, ते काम क्लचचं. खंबाटकीचा घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर इंजिनाचा आवाज ऐकून खालचा गिअर टाकतो, तेव्हा त्याचा कान, डावा पाय आणि डावा हात एकाच वेळी काम करत असतात. ज्यांनी बजाज चेतक चालवली असेल त्यांना डाव्या मुठीतला गिअर आठवत असेल. पुढं १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि मूठ पिळली की झालं, गिअरही नको आणि क्लचही नको. ऑटोमॅटिक मोटार आणि मॅन्युअल मोटार यांच्यातलं अंतर चालवणाऱ्याच्या दृष्टीनं साधारण असंच आहे.

मोटारीच्या बालपणी गिअर टाकणं हे कसबाचं काम होतं. १८९० च्या दशकात फ्रान्समधल्या पानार-लव्हासोर या कंपनीनं सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स रूढ केला. एक फिरतं चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात अडकवायचं. दोघांचा वेग जुळला तर दाते अलगद बसत, नाही जुळला तर करकर असा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाई. आपल्याकडचे जुन्या ट्रकचे ड्रायव्हर ज्याला डबल क्लच म्हणत, ती युक्ती हा वेग जुळवण्यासाठीच. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला. त्यात दाते भिडण्याआधी एक छोटी कडी दोन्ही भागांचा वेग जुळवून घेते. गिअर टाकणं सोपं झालं, तरी हात आणि पाय लागतच होते.

हातपाय पूर्ण मोकळे केले ते जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकनं. १९३९ मध्ये हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांतही बसवला गेला. पुढं आलेल्या अनेक ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची कल्पना करायची तर समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांपुढं आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो. गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या लोटानं दुसरा फिरतो आणि चाकांना गती मिळते. मध्ये लोखंडाला लोखंड घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून गाडी मऊपणे निघते, आणि म्हणूनच थोडी शक्ती तेलात विरते.

ऑटोमॅटिक म्हणजे आळशांची गाडी, असं मॅन्युअलचे भक्त सर्रास बोलतात. त्यांनी १९४६ चं वर्ष आठवावं. युद्धात पाय गमावून आलेल्या अमेरिकन सैनिकांना मोटार घेण्यासाठी १,६०० डॉलरपर्यंत मदत देणारा कायदा त्या वर्षी झाला. ओल्ड्समोबिलनं हायड्रामॅटिक गाड्यांत अशा सैनिकांना सोयीची उपकरणं बसवून देण्याची योजनाच काढली. ज्याचा डावा पाय मांडीपासून गेला, त्याला क्लच नसलेली मोटार म्हणजे पुन्हा आपल्या मर्जीनं घराबाहेर पडण्याचं स्वातंत्र्य होतं. हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढच्या गोष्टीत आपण कुणा एकाला खलनायक करणार नाही.

आता मुख्य पात्राकडे येऊ. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं भव्य प्रदर्शन भरलं होतं. तिथं शेव्हरोलेनं एक दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची पांढरी गाडी मांडली. नाव कॉर्व्हेट. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी इंग्लंडात एमजी, जॅग्वारसारख्या चपळ गाड्या पाहिल्या होत्या. अमेरिकेलाही तशी गाडी हवी, असं जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या मनात होतं. लोकांनी गाडी डोक्यावर घेतली आणि त्याच वर्षी जूनअखेर मिशिगनमधल्या फ्लिंट गावी तिचं उत्पादन सुरू झालं. पहिल्या वर्षी ३०० गाड्या निघाल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या आतून लाल. आणि सगळ्या ऑटोमॅटिक.

मंडळी, गंमत पाहा. अमेरिकेची ही नवी स्पोर्ट्स कार, आणि तिला फक्त दोन गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स! घाई मोठी होती. प्रदर्शनातली गाडी काही महिन्यांत रस्त्यावर आणायची होती, त्यामुळं कारखान्यात जे तयार होतं त्यातून ती जुळवली गेली. इंजिन घरगुती मोटारीचंच, सहा सिलिंडरचं, सुधारून १५० अश्वशक्तीपर्यंत वाढवलेलं. त्याला साजेसा मॅन्युअल गिअरबॉक्स तेव्हा शेव्हरोलेच्या हाताशी नव्हता, असं कारण इतिहासकार देतात. १९५० पासून गिऱ्हाइकांच्या पसंतीला उतरलेला पॉवरग्लाइड मात्र तयार होता. तोच बसला.

गिऱ्हाईक फसलं नाही. रूप स्पोर्ट्स कारचं आणि चाल घरगुती गाडीची, हे लोकांच्या लगेच ध्यानात आलं. १९५४ मध्ये ३,६४० कॉर्व्हेट तयार झाल्या आणि त्यातल्या कितीतरी वर्ष संपताना विक्रीविना उभ्या होत्या. इकडं फोर्डनं थंडरबर्ड आणली. तिला व्ही-८ इंजिन होतं आणि मॅन्युअल की ऑटोमॅटिक ही निवड गिऱ्हाइकाच्या हातात होती. १९५५ च्या मॉडेलवर्षात थंडरबर्ड सोळा हजारांच्या आसपास गेल्या, कॉर्व्हेट निघाल्या ७००. कंपनीत हे मॉडेल बंद करण्याची भाषा सुरू झाली.

इथं एका माणसाचं नाव घ्यायला हवं. झोरा आर्कुस-डुंटोव्ह. जन्म १९०९ चा, ब्रसेल्सचा, आईवडील रशियन ज्यू. बर्लिनमध्ये इंजिनिअरिंग शिकला, हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये शिरल्यावर तिथून निसटून अमेरिकेत आला. १९५३ च्या त्या प्रदर्शनात त्यानं कॉर्व्हेट पाहिली, तिच्या रूपावर भाळला आणि शेव्हरोलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांना पत्र लिहिलं. मे महिन्यात तो कंपनीत रुजू झाला. डिसेंबर १९५३ मध्ये त्यानं वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. त्याचा आशय असा की तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्या घरच्या गॅरेजात स्वतः बदलून वेगवान करतात. त्यांची मासिकं फोर्डनं भरलेली असतात. ही मुलं उद्याची गिऱ्हाइकं आहेत, त्यांना आपण सुटे भाग द्यायला हवेत. पुढच्या वर्षी, मॉडेल बंद करण्याची चर्चा असताना, त्यानं पुन्हा लिहिलं: फोर्ड मैदानात येताना आपण माघार घेतली तर ती हार ठरेल.

त्याच्या टिपणातला विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. गाडी विकली म्हणजे ती पुरी झाली असं कारखान्याला वाटतं. चालवणाऱ्याला तसं वाटत नाही. तो तिला हात लावतो, उघडतो, बदलतो. डुंटोव्हनं हा हात ओळखला. तो स्वतः शर्यतीत उतरणारा माणूस होता. १९५४ आणि १९५५ मध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्शे चालवून त्यानं आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता.

१९५५ मध्ये कॉर्व्हेटला १९५ अश्वशक्तीचं नवं व्ही-८ इंजिन मिळालं. आणि त्याच मॉडेलवर्षाच्या शेवटी शेवटी, अगदी थोड्या गाड्यांना, तीन गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला. १९५६ मध्ये मॅन्युअल ही मूळ सोय ठरली आणि ऑटोमॅटिकसाठी जादा पैसे पडू लागले. १९५७ मध्ये चार गिअर आले. १९६० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या संघाच्या कॉर्व्हेटनं ल मांच्या शर्यतीत आपला गट जिंकला. १९६० च्या दशकात तर बहुसंख्य कॉर्व्हेट चार गिअरच्या मॅन्युअल होत्या. म्हणजे ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारची मॅन्युअल करण्याचं काम पहिल्यांदा कुणा हौशी माणसानं नाही, खुद्द कारखान्यानं केलं, आणि त्यानंच ही गाडी वाचली.

मग काळ पुन्हा फिरला. १९७० च्या दशकात धुराचे नियम आले, पेट्रोल महागलं, इंजिनांची ताकद उतरली, रहदारी वाढली. कॉर्व्हेट घेणारा माणूसही वयानं आणि पैशानं वाढला होता. बहुसंख्य गाड्या ऑटोमॅटिक जाऊ लागल्या. १९८२ मध्ये २५,४०७ कॉर्व्हेट तयार झाल्या आणि त्यांत एकही मॅन्युअल नव्हती. त्या दशकातल्या या ऑटोमॅटिक गाड्या आज जुन्या बाजारात मिळतात, आणि हौशी मंडळी ज्या गाड्यांचे गिअरबॉक्स बदलतात त्यांत या पुष्कळ असतात.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. गिअरबॉक्स काढून दुसरा लावला, असं होत नाही. ऑटोमॅटिक इंजिनाच्या मागं एक पातळ पत्र्याची चकती असते. ती काढून तिथं जड फ्लायव्हील लावायचं, आणि तेही इंजिनाच्या तोलाशी जुळणारं; नाहीतर सगळी गाडी थरथरते. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात एक छोटा बुश बसवायचा, कारण मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरतं. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. त्यावर घंटेच्या आकाराचं लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कवच. हे कवच इंजिनाच्या मध्याशी बरोबर जुळलंय की नाही ते डायल गेज लावून तपासतात. इंचाच्या काही हजाराव्या भागाची चूक झाली तरी गिअर अडखळतात आणि बेअरिंग लवकर जातं.

आत बसण्याच्या जागी वेगळंच काम. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढून तिथं अरुंद ब्रेक आणि क्लच अशी दोन पेडलं बसवायची. दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडायचं. गाडीखालचा आडवा आधार सरकवायचा, प्रोपेलर शाफ्ट लांबीनं कमी-जास्त करून घ्यायचा. रेडिएटरकडे गिअरबॉक्सचं तेल नेणाऱ्या नळ्या बंद करायच्या. ऑटोमॅटिक गाडी ठरावीक स्थितीतच स्टार्ट होते, त्यासाठी जो स्विच असतो त्याची वायर नव्यानं जोडायची. रिव्हर्सचा दिवा, स्पीडोमीटरचं छोटं दातेरी चाक, सगळं पुन्हा जुळवायचं. शेवटी मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर नव्या गिअरांना मानवतं का तेही पाहायचं. कॉर्व्हेटवाल्यांचं नशीब असं की कारखान्यानं दोन्ही प्रकारच्या गाड्या काढल्या होत्या, त्यामुळं पुष्कळसे भाग मूळ बनावटीचे सापडतात.

इंग्लंडातली गोष्ट थोडी वेगळी. जॅग्वारची ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली तेव्हा ती मॅन्युअलच होती, आणि पहिल्या गिअरला तर सिंक्रोमेशही नव्हता. तो १९६४ मध्ये मिळाला. १९६६ मध्ये मागं दोन लहान सीट असलेली ई-टाइप निघाली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर नऊ इंचांनी वाढवलं होतं, आणि त्या वाढलेल्या जागेत ऑटोमॅटिक बसू शकला. बायको-मुलांना घेऊन फिरणारा गृहस्थ डोळ्यांपुढं ठेवून ही गाडी केली होती. आज यातल्या कितीतरी गाड्या मॅन्युअल करून घेतल्या जातात. ई-टाइपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच बाहेर काढावे लागतात. नुसती क्लच प्लेट बदलायची तरी सुटका नाही. इतका खटाटोप करून माणूस हे करतो, म्हणजे त्याला त्या दांड्यातून काहीतरी मिळत असणार.

काय मिळतं? वेग म्हणाल तर आजची साधी ऑटोमॅटिक मोटारही या जुन्या गाड्यांना मागं टाकेल. सोय म्हणाल तर उलट गैरसोयच. मिळतो तो सहभाग. वळण येण्याआधी गिअर उतरवायचा, इंजिनाचा सूर चढताना ऐकायचा, क्लच नेमका कुठं पकडतो ते तळपायाला कळायचं. गझल लिहिणाऱ्याला वृत्त सांभाळताना जो आनंद होतो, तो त्याला कुणी आयती ओळ आणून दिली तर होणार नाही. अडचण हाच त्या आनंदाचा भाग असतो.

तरीही दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येत नाही. जुनी मोटार हा एक दस्तऐवज असतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या अनेक कॉर्व्हेटच्या पेट्रोल टाकीवर कारखान्यात चिकटवलेला कागद सापडतो, त्यात ती गाडी कुठल्या गिअरबॉक्ससह निघाली ते लिहिलेलं असतं. गिअरबॉक्सवरही गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकलेले असतात. हे आकडे जुळले की गाडीची किंमत वाढते. पण मला किमतीपेक्षा साक्षीचं मोल जास्त वाटतं. १९५३ च्या त्या ३०० गाड्यांपैकी एखादीचा पॉवरग्लाइड काढून फेकला, तर अमेरिकेची ही स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक म्हणून जन्मली, अडखळली आणि मग सावरली, या गोष्टीचा एक पुरावा गेला. ऑटोमॅटिक हा तिथं दोष होता असं म्हटलं, तरी तो दोषच इतिहास आहे. जुन्या मशिदीच्या किंवा देवळाच्या भिंतीवरची ओबडधोबड दुरुस्ती आपण खरवडून काढत नाही, कारण तीही कुणीतरी, कधीतरी, गरजेपोटी केलेली असते.

माझं मत विचाराल तर ते असं. ज्या गाड्या हजारोंनी निघाल्या, त्यातली एखादी ऑटोमॅटिक आपल्या हाताला हवी तशी करून घेण्यात पाप नाही. १९५५ मध्ये कारखान्यानं केलं तेच माणूस आपल्या गॅरेजात करतो. पण दोन पथ्यं पाळावीत. उतरवलेला गिअरबॉक्स, त्याची चकती, रुंद पेडल, सगळं तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावं. आणि नवं भोक पाडताना, जोड देताना, पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करता येईल असंच करावं. गाडी विकताना काय बदललं ते स्पष्ट सांगावं. जी गाडी मोजक्या संख्येत उरली आहे, तिला मात्र तिच्या गुणदोषांसह राहू द्यावं. तिच्यात बसून ज्याला गिअर टाकायचा आहे त्याला दुसरी गाडी मिळेल, जगाला दुसरी साक्ष मिळणार नाही.

या गोष्टीला एक शेपूट आहे. डुंटोव्हला आणखी एक ध्यास होता: कॉर्व्हेटचं इंजिन चालकाच्या पुढं न ठेवता पाठीमागं, गाडीच्या मध्यात असावं. त्यासाठी त्यानं प्रायोगिक गाड्या केल्या, पण त्याच्या हयातीत ते झालं नाही. १९९६ मध्ये तो वारला. केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन इथं, कॉर्व्हेटच्या कारखान्याजवळच्या कॉर्व्हेट संग्रहालयात त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत. पुढं २०२० च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटचं इंजिन खरोखरच मध्यात आलं. त्याचं स्वप्न पुरं झालं. पण त्याच गाडीबरोबर क्लचचं पेडल गेलं. गिअर आठ, क्लच दोन, आणि ते सगळं यंत्रच सांभाळतं. १९५३ मध्ये नाइलाजानं जे झालं होतं ते आता कौशल्यानं झालं, कारण यंत्र माणसापेक्षा लवकर आणि अचूक गिअर टाकू लागलं होतं.

म्हणूनच गॅरेजात वाकून जुन्या गाडीला क्लच बसवणारा तो हौशी माणूस मला वेडा वाटत नाही. यंत्र आपल्यापेक्षा चांगलं करतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी काही कामं स्वतःच्या हातानं करायची असतात, एवढंच त्याचं म्हणणं. फक्त हात लावताना तो गाडीच्या आधीच्या हातांची आठवण ठेवो, म्हणजे झालं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)